तुटलेल्या तारांचे मोजमाप

गोपिका रामाजी भोयर हिला विणकाम येत नसे. ही काही कानोकानी पसरलेली गोष्ट नव्हती. व्यवसायोपचार शाखेच्या गुणपत्रकात ती सलग दोन वर्षे लाल शाईने नोंदलेली होती. सुतारकामात एक्क्याऐंशी, मातीकामात सत्तर, वेतकामात चौसष्ट, आणि विणकामात पहिल्या वर्षी एकोणतीस व दुसऱ्या वर्षी एकतीस. ही दोन गुणांची वाढ विभागप्रमुख अरुंधती बोकारे यांनी केवळ कृपा म्हणून दिली आहे, असे वसतिगृहातल्या मुली म्हणत, आणि गोपिकेचेही मत तेच होते.

अपघाताने, पक्षाघाताने किंवा दीर्घ आजाराने ज्यांचे हातपाय कामातून गेले, त्यांना कामाच्याच वाटेने पुन्हा कामावर आणायचे, असा या शास्त्राचा सरळ विचार. म्हणून रोग्याकडून जे करवून घ्यायचे, ते उपचार करणारीला आधी स्वतःला आले पाहिजे, हा नियमही तितकाच सरळ. नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला या विभागाचे लांबट दालन होते. एका भिंतीशी सुताराची दोन बाके, मधोमध वेताचे भारे आणि मातीची घमेली, आणि खिडक्यांच्या ओळीत टेबलावर मावतील असे चार छोटे हातमाग. गोपिका त्यांतल्या कोणत्याही मागावर बसली की पाच ओळींत सुताची एक तार तुटे.

सुतारकाम तिला येई याचे श्रेय पारशिवनीजवळच्या तिच्या गावाला होते. रामाजी भोयरांची धानाची आणि मिरचीची शेती. वखराची दांडी मोडो की बैलगाडीचे जू, दुरुस्तीच्या वेळी बापाच्या हाताशी गोपिकाच उभी राही. १९७१ साली ती नागपुरास शिकायला आली, तेव्हापासून पारावर रामाजींना विचारला जाणारा प्रश्न ठरून गेलेला होता.

"रामाजी, पोट्टी डॉक्टर होऊन राहिली का गा?"

"डॉक्टर नाही. डॉक्टर हाड बसवते, आमची गोपिका त्या हाडाले कामाले लावते."

"म्हणजे मास्तरीण."

"मास्तरीणच म्हण. पण तिच्या वर्गातले पोरं साठ-साठ वर्साचे आहेत."

शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थिनीने एक संशोधन-प्रकल्प करावा असा दंडक होता. तो बाहेरच्या परीक्षकांना पसंत पडला नाही तर परीक्षा सहा महिन्यांनी पुढे जाई. १९७३ च्या नोव्हेंबरात गोपिकेने सुतारकामावर विषय मागितला. बोकारे बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले आणि तिला विणकाम दिले.

"जे येते त्यावर संशोधन केलेस तर तुझे कौतुक होईल," त्या म्हणाल्या. "जे येत नाही त्यावर केलेस तर तू विचार करशील."

विषय ठरला: आखडलेल्या बोटांवर विणकामाचा परिणाम. रोगी पाच, रोजची बैठक चाळीस मिनिटांची, आणि बैठकीअखेर किती इंच कापड विणले गेले याची नोंद. 'इंच खोटे बोलत नाहीत' असे वाक्य गोपिकेने प्रस्तावनेत घातले होते, आणि ते तिला फार आवडले होते.

पाचांपैकी चौघांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. ते वेळेवर येत, सांगितले तेवढे करीत आणि हळूहळू बरे होत. पाचवे होते भैय्याजी पौनीकर.

भैय्याजी नागपुरातल्या महाल वस्तीतले विणकर. वय छप्पन्न, त्यांपैकी चाळीस वर्षे रेशीमकाठी साड्यांच्या मागावर गेलेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या सायकलरिक्षाचे चाक एका वळणावर उघड्या नालीत गेले आणि ते उजव्या तळव्यावर पडले. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढले तेव्हा हाड सरळ होते, पण बोटे लाकडासारखी झालेली. अंगठ्याचे टोक आणि तर्जनीचे टोक यांत अडीच इंचांचे अंतर, आणि काही केल्या ते मिटत नव्हते.

बारीक रेशमाची तार विणताना तुटतेच. तुटली की दोन्ही टोके चिमटीत धरून, पीळ देऊन ती सांधावी लागते. ज्याची चिमूट गेली त्याचा माग थांबला. भैय्याजींच्या घरच्या मागावर एक साडी अर्धी विणून तशीच उभी होती. धाकटा भाऊ बसायला तयार होता. भैय्याजींनी त्याला हात लावू दिला नाही. ओळ घट्ट बसवणारी ठोक प्रत्येक हाताची निराळी पडते, आणि जिथे हात बदलला तिथे कापडावर रेघ उमटते, हे त्यांचे म्हणणे.

विभागात पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावरच्या मागाभोवती एक फेरी मारली.

"हे कोणाच्या लेकराचं आहे?" त्यांनी विचारले.

"तुमच्यासाठीच आहे, काकाजी. यावर रोज बसायचं."

"मले माह्या मागावर बसता येईन का, थे सांग. बाकी तू म्हणशीन तिथं बसतो."

"होळीपर्यंत येईल," गोपिका म्हणाली. हे वचन देण्याचा अधिकार तिला कोणी दिला होता, हे तिलाही नंतर सांगता आले नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भैय्याजींचे कापड रोज तीन इंच भरे. महिनाअखेर ते सातावर गेले. फेब्रुवारीच्या मध्यास अकरा. बाकीचे चौघे पाच-साडेपाचापुढे सरकले नव्हते. शिवाय कापडाची किनार पट्टीने आखल्यासारखी सरळ. बोकारे बाईंनी ते कनिष्ठ वर्गाच्या मुलींना फिरवून दाखवले. गोपिकेने आलेखावर भैय्याजींची रेघ लाल पेन्सिलीने काढली आणि गावी पत्र धाडले की प्रकल्प उत्तम चालला आहे.

बोटांमधले अंतर महिन्यातून एकदा मोजायचे असे योजनेत होते. जानेवारीचे मोजमाप संक्रांतीच्या सुट्टीत राहून गेले. पंधरा फेब्रुवारीस तिने भैय्याजींच्या हाताला पट्टी लावली. अडीच इंच होते, ते सव्वादोन भरले. तिने पुन्हा मोजले. मग दुसरी पट्टी आणून मोजले. दोन्ही पट्ट्या एकमताच्या निघाल्या.

चौपट वेगाने विणणारा हात जवळपास होता तिथेच होता. हे गणित सुटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी गोपिका बैठकीच्या आधीच येऊन वेताच्या भाऱ्यांमागे सुताराच्या बाकावर बसून राहिली. इतर दिवशी ती काम लावून देऊन दुसऱ्या रोग्याकडे वळे आणि शेवटी पट्टी घेऊन येई. आज तिने पूर्ण चाळीस मिनिटे पाहिले. भैय्याजी डाव्या हाताने आडवा धागा नेणारा धोटा ताण्याच्या उभ्या तारांतून सारीत, तोच हात कापडावरून पलीकडे नेऊन धोटा उचलीत आणि तिकडून परत सारीत. ओळ ठोकायला उजव्या हाताचे कोपर. उजवा पंजा मांडीवर आरामात पहुडलेला. आणि हे सारे इतक्या सफाईने, की समोरून पाहणाऱ्याला दोन हात चालल्याचा भास व्हावा.

ती उठून पुढे आली.

"काकाजी, उजवा हात पाव्हणा आला का घरी? नुसता बसून राहिला."

भैय्याजी दचकले नाहीत. त्यांनी ओळ पुरी केली आणि मगच धोटा खाली ठेवला.

"पाहिलं तुवा?"

"पाहिलं."

"मंग आता कोणाले सांगू नको. तुहा पेपर होऊन जाऊ दे."

"माह्या पेपराचा अन् तुमच्या डाव्या हाताचा काय संबंध?"

"काहून नाही? तू रोज पट्टी घेऊन काय मोजते? कापड. म्हणजे मार्क कापडाले. चाळीस वर्स मागावर काढले मी, परीक्षा कायची आहे थे मले समजत नाही का? उजव्या हातानं विणलं असतं तं कापड पाहून तुह्या बाईनं तुले पारशिवनीची गाडी दाखवली असती. पोरीसारखी पोट्टी, दिवसभर काकाजी काकाजी करते, तिले नापास करू का मी?"

"अन् हात?"

"हात तुवा कुठं मोजला वं?"

गोपिकेने त्या दिवशी वही उघडून मोजदाद केली. भैय्याजींचे कापड तिने साठ वेळा मोजले होते आणि हात दोन वेळा. इंच खोटे बोलत नाहीत हे वाक्य तिने खोडले. मग वही घेऊन ती बोकारे बाईंच्या खोलीत गेली आणि घडले ते सारे उभ्यानेच सांगितले.

बाईंनी पेनाला टोपण लावले.

"तुझा रोगी तुझ्याहून बरा संशोधक आहे, गोपिका," त्या म्हणाल्या. "प्रयोगात नेमके काय मोजले जाते आहे, हे त्याने पहिल्या आठवड्यात ओळखले."

"विषय सोडून देऊ का, मॅडम?"

"सोडायचा कशाला? चूक पहिल्या पानावर लिही. ते कापड मीही मुलींपुढे मिरवले आहे, तेव्हा माझे नावही लिही. अठ्ठावीस मार्चला परीक्षक येतील. त्यांच्यापुढे खरे आकडे घेऊन उभी राहा. शून्य आले तर शून्य."

शून्याची तरतूद मात्र भैय्याजींनीच केली. उद्यापासून फक्त उजवा हात, असे ठरले. उजव्या हाताने धोटा वाकडा जाई, किनार लाटेसारखी होई. भैय्याजी चार ओळी विणत, त्यांच्याकडे पाहत आणि चारही उसवत. चाळीस मिनिटांनी मागावर एक ओळही शिल्लक नसे.

"राहू द्या ना काकाजी. वाईट असलं तरी चालते."

"तुले चालत असन. माह्या हातून वाईट कापड मागावर राहत नाही."

तिसऱ्या दिवशी तिने त्यांचा डावा हात कापडी पट्टीने खुर्चीला बांधला. भैय्याजींनी तो निमूटपणे बांधू दिला आणि चाळीस मिनिटे खिडकीबाहेरचे कडुनिंबाचे झाड पाहत बसले. चौथ्या दिवशी तिने बांधणे सोडून दिले. शेजारच्या मागावरचे रोगी आता पैज लावल्यासारखे पाहू लागले होते. दहा दिवस असे गेले. परीक्षेला महिना उरला. होळी त्याहूनही जवळ आली होती, आणि भैय्याजींनी वचनाची आठवण करून दिली नाही, हेच गोपिकेला अधिक बोचत होते.

सव्वीस फेब्रुवारीस ती रागाने शेजारच्या रिकाम्या मागावर जाऊन बसली. "वाईट कापड म्हणजे काय असते ते पाहा एकदा," ती म्हणाली. "मग तुमच्या कापडाला नावं ठेवा." आणि तिने धोटा मारला. सहाव्या ओळीस तार तुटली. तिच्याकडे लक्ष न देता ती पुढे विणत राहिली. कापडात फट पडली आणि ओळीगणिक वाढत चालली.

भैय्याजी पाहत होते. त्यांनी मान फिरवली, पुन्हा पाहिले. दुसरी तार तुटली.

"वं पोट्टी, थे धोटा आहे, वखर नाही."

गोपिका थांबली नाही. तिसरी तार गेली तेव्हा भैय्याजी खुर्ची सारून उठले, तिच्या मागापाशी आले आणि वाकले. एक टोक डाव्या चिमटीत धरले. दुसऱ्यासाठी उजवा हात पुढे आला. अंगठा तर्जनीच्या टोकाला पोचेना. तेव्हा त्यांनी तार तर्जनीच्या मधल्या पेराशी दाबून धरली, आणि अंगठा टोकाकडे रेटीत, ओठ आवळून, तिला पीळ देऊ लागले. कपाळावर घाम आला. एका तारेला सात मिनिटे लागली. आपण कोणता हात वापरतो आहोत याचे त्यांना भानही नव्हते. तुटकी तार समोर असताना विणकर हातांची निवड करीत बसत नाही.

गोपिकेने धोटा आवाज न करता खाली ठेवला आणि वहीत एक नवा रकाना आखला.

दुसऱ्या दिवसापासून प्रयोगाची रीत बदलली. ती विणे, तार तोडी, भैय्याजी सांधीत. मोजायचे ते दोनच: किती सांधे झाले, आणि प्रत्येक सांध्याला किती वेळ लागला. बोटांमधले अंतर मात्र रोज पट्टीने मोजायचे. आठ दिवसांनी भैय्याजींना शंका आली.

"तू मुद्दाम तोडून राहिली का?"

"नाही, काकाजी. खरंच तुटते."

"मले वाटलंच. मुद्दाम इतकं वाईट कोणालेच जमत नाही."

ते सांधता सांधता तिला शिकवू लागले. धोटा मनगटातून मार, धागा ओढून घेऊ नको, ठोक हलकी ठेव. येथे एक नवेच संकट उभे राहिले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गोपिकेचे विणकाम सुधारले आणि सांध्यांची संख्या एकाएकी घटली. प्रयोग पुन्हा बसतो की काय अशी वेळ आली. शेवटी तिने जाड सूत काढून मागावर बारीक सूत चढवले. ते पुन्हा भराभर तुटू लागले. आणि सूत जितके बारीक, तितकी चिमूट टोकाशी आणावी लागे, हा लाभ वेगळाच. जे अपघाताने सापडले होते त्याला आता पायऱ्या आल्या. बाकीच्या चौघांनाही तिने सांधण्याचे काम दिले.

दहा मार्चला अंतर सव्वा इंच होते. वीस मार्चला अर्धा. होळी होऊन गेली होती. धुळवडीला भैय्याजी उजवा हात कापडात गुंडाळून घरातच बसले होते, रंग खेळायला बोलावणाऱ्यांना 'हाताची परीक्षा आहे' असे सांगून.

अठ्ठावीस मार्चला परीक्षक मुंबईहून आले. किडकिडीत, मितभाषी गृहस्थ. पहिल्या पानावरची चूक त्यांनी दोनदा वाचली, पण चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. मग त्यांनी शेवटचा तक्ता पुढे ओढला.

"तारा एका ठरावीक गतीने तुटलेल्या दिसतात. त्या तोडण्यासाठी कोणती प्रमाणित पद्धत वापरली?"

"माझे विणकाम, सर," गोपिका म्हणाली.

बोकारे बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवले.

"हे मला पाहावे लागेल," परीक्षक म्हणाले. "आणि रोग्याने काय करायचे ते त्याला आधी सांगू नका. सांगितल्याबरहुकूम केलेली हालचाल मला नको आहे."

भैय्याजींना दूर बाकावर बसवले आणि हलू नका म्हणून बजावले. गोपिका मागावर बसली. एरवी पाच ओळींत तुटणारी तार त्या दिवशी बाराव्या ओळीपर्यंत शाबूत राहिली. नीट विणता येऊ लागल्यामुळे नापास झालेली पहिली विद्यार्थिनी आपणच ठरणार, असे तिला वाटू लागले, तोच तेराव्या ओळीस तार गेली. ती विणत राहिली. चौदा, पंधरा. भैय्याजींनी दोन्ही हात मांडीखाली घातले. सोळा. फट दिसू लागली.

"साहेब, माफ करा," ते उठत म्हणाले. "मले हे पाहवत नाही."

ते आले, वाकले, आणि दोन्ही चिमट्यांत टोके धरून तार सांधली. परीक्षकांनी खिशातून घड्याळ काढेपर्यंत ते झालेही होते. त्यांनी पुन्हा एकदा पाहायचे म्हटले. गोपिकेला काही वेगळे करावे लागले नाही. दुसऱ्या तारेला अठ्ठेचाळीस सेकंद लागले.

"कोणत्या हाताने पीळ दिला?" परीक्षकांनी विचारले.

भैय्याजींनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले. "पाहा लागन," ते म्हणाले, आणि तिसरी तार स्वतःच तोडून सांधून दाखवली. पीळ उजव्या हाताने पडला.

प्रकल्पाला शंभरापैकी चौऱ्याहत्तर गुण पडले. पहिला क्रमांक तिच्या वर्गातल्या पुष्पलतेला मिळाला, आणि तो योग्यच होता. परंतु पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांच्या राज्यपातळीवरच्या मेळाव्यात वाचण्यासाठी बाईंनी निवडला तो गोपिकेचा निबंध. ती त्याच विभागात साहाय्यक म्हणून लागली; पुढे पारशिवनीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी हातपाय अधू झालेल्यांसाठी तिने शिबिरे चालवली, आणि १९८२ पर्यंत सतरा विद्यार्थिनींचे प्रकल्प तिच्या देखरेखीखाली पुरे झाले. त्या प्रत्येकीला तिचा पहिला प्रश्न एकच असे: तू जे मोजते आहेस, ते रोग्याला ठाऊक आहे का?

भैय्याजींच्या उपचारांची नस्ती मात्र १९७४ च्या मे महिन्यात बंद झाली, आणि ती कशी बंद झाली ते सांगितले पाहिजे. परीक्षेनंतर महिनाभर ते नेमाने येत राहिले. मग एके दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. नस्ती बंद करायची तर हाताचे अखेरचे मोजमाप हवे. आठवडाभर वाट पाहून गोपिकेने पट्टी पिशवीत घातली आणि दुपारी चारच्या उन्हात सायकल काढून महाल गाठला.

गल्लीतच माग वाजत होता. दारात भैय्याजींची पत्नी सुभद्राबाई धोट्यात घालायच्या कांड्या भरीत बसल्या होत्या.

"ये वं माय. आत आहेत. पण बोलवू नको, कोणाचं ऐकत नाहीत. सकाळपासून उठले नाहीत."

आत रेशमाचा जांभळा ताणा पसरलेला, आणि भैय्याजी त्यात वाकलेले. त्यांनी वर पाहिले नाही.

"काकाजी, हात द्या एक मिनिट. शेवटचं मोजायचं आहे."

"हात रिकामा नाही. उद्या ये."

"उद्या रिकामा असन का?"

"नाही वाटत."

गोपिका उंबऱ्याशी थांबली. सुभद्राबाईंनी पाणी दिले, मग चहा दिला. एक तार तुटली. भैय्याजींनी ती सांधली आणि माग पुन्हा चालू झाला. तिने पट्टी एकदा बाहेर काढली आणि परत ठेवली. मग नस्ती गुडघ्यावर घेऊन शेवटच्या रकान्यात नीट अक्षरात लिहिले: 'मोजमाप घेता आले नाही. हात कामात आहे.'

बोकारे बाईंनी दुसऱ्या दिवशी ती नोंद वाचली, तारीख घातली आणि खाली सही केली.